पीआरची नोकरी आणि प्रेसनोटमधलं एक वाक्य

नमस्कार ताई, पत्र वाचलं. लेक शिवाजी विद्यापीठातनं जर्नालिझम करून गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत पीआरला, म्हणजे जनसंपर्काच्या कामाला, लागली आणि दुसऱ्याच महिन्यात साहेबांनी प्रेसनोट लिहायला सांगितली की कंपनीचं सगळं पाणी प्रक्रिया करूनच सोडलं जातं, आणि प्लांटवरचा माणूस तर तिला म्हणाला ईटीपी, म्हणजे सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी यंत्रणा, बरेच दिवस बंदच आहे. तिचे काका म्हणतात पीआर म्हणजे खोटं बोलायचीच नोकरी, आणि तुम्ही विचारताय सोडू दे का गप्प बसू दे.

दोन्ही नको, निदान लगेच तरी नको.

काकांचं मला अजिबात पटत नाही. कंपनीची बाजू मांडायची, चांगलं ते आधी सांगायचं, धंद्यातलं गुपित राखायचं, हे पीआरचं कामच आहे. नाही ते आहे म्हणून सांगणं वेगळं. आणि हे या क्षेत्रातल्या लोकांनीच ठरवलंय, पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडियाने 21 एप्रिल 1968 ला आचारसंहिता स्वीकारली, त्यात खात्री करता येत नाही अशी माहिती पसरवायची नाही असं स्पष्ट आहे. लंडनची बेल पॉटिंजर केवढी मोठी एजन्सी, दक्षिण आफ्रिकेत गुप्ता या उद्योगपती कुटुंबाच्या कंपनीसाठी वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवली म्हणून 2017 मध्ये ब्रिटनमधल्याच पीआर संघटनेने तिला काढून टाकलं आणि काही दिवसांतच तिचं दिवाळं निघालं.

आता लेकीचं. प्लांटवरच्या माणसाचं बोलणं ऐकीव आहे, त्यावर भांडायला जाऊ नको म्हणावं. साहेबांना मेल टाकायचा, फोन नाही, मेलच: "सर, ईटीपी सध्या चालू आहे का? शेवटचा सॅम्पल रिपोर्ट मिळाला तर आकड्यासकट लिहिते." चालू असेल तर नोट उलट भक्कम होईल. बंद असेल तर दुसरा ड्राफ्ट तिनेच करून द्यावा, दुरुस्ती चालू आहे, अमुक तारखेला सुरू होईल, तोवर पाण्याचं काय करतोय, जे खरं असेल तेवढंच. पंचगंगेत मासे मेले की पत्रकार थेट काठावर जातात, आणि कंपनीतले कामगार आजूबाजूच्या गावातलेच, असलं काही झाकून राहत नाही हो. त्या दिवशी प्रेसनोटच्या खाली 'अधिक माहितीसाठी संपर्क' म्हणून नाव आणि मोबाईल नंबर साहेबांचा नाही, तुमच्या लेकीचा असणार, आणि पुढची कितीतरी वर्षं कोल्हापुरात तिला याच पत्रकारांकडे बातमी घेऊन जायचंय.

एवढं करूनही साहेब म्हणाले की तू फक्त टाईप कर, तर माझं नाव घालू नका असं मेलवर कळवायचं आणि दुसरीकडे अर्ज सुरू करायचे. दूध संघ, हॉस्पिटलं, बँका, साखर कारखाने, सगळ्यांना अशी माणसं लागतात. इंटरव्ह्यूमध्ये तिनेच विचारावं, वाईट बातमी असते तेव्हा प्रेसशी कोण बोलतं आणि पीआरला माहिती थेट मिळते का.

एक काम तुमचं, ताई. घरचा हप्ता तिच्या पगारावर आहे का ते तुम्ही लिहिलं नाही, नसेल तर आज रात्रीच तिला तसं सांगा, म्हणजे मेल लिहिताना तिचा हात थरथरणार नाही.