नाकारलेल्या दुधाचं कारण

प्रश्न : तालुक्यातल्या दूध संस्थांच्या संकलन नोंदींसाठी (लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक, दूध नाकारलं तर कारण) आम्ही जेसन स्कीमात, म्हणजे संगणकी नोंद कशी असावी याचे नियम लिहायच्या भाषेत, एक सामायिक मानक लिहितोय. सॉफ्टवेअरवाले पाच. चौघं म्हणतात तिची नवी आवृत्ती, २०२०-१२, घ्या. पाचव्याच्या लायब्ररीला (तो वापरतो त्या तयार कोडला) जुन्या ड्राफ्ट-०७ आवृत्तीच्या पुढचं कळत नाही. ताई, जुनं घेऊन पुढे पस्तावू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ड्राफ्ट-०७ घ्या. जुन्याची लाज नको. सरकारी खरेदीच्या माहितीसाठीचं ओपन काँट्रॅक्टिंग डेटा स्टँडर्ड १.१ तर त्याहून जुन्या ड्राफ्ट-०४ वर उभं आहे.

माझे हात पोळलेत ते वेगळ्याच गोष्टीनं. पाणी तपासणीच्या एका कामात स्कीमाच्या माथ्यावर ड्राफ्ट-०४ होतं, आणि खाली मी ऐटीत ‘इफ-देन’ (जर-तर) लिहिलं : नमुना बाद असेल, तर कारण हवंच. ‘इफ-देन’ आलं ड्राफ्ट-०७ मध्ये. अनोळखी शब्द दिसला की व्हॅलिडेटर (नोंद नियमात बसते का हे तपासणारा प्रोग्राम) सहसा ओरडत नाही, मुकाट पुढे जातो. कारणाशिवाय बाद झालेले नमुने तीन महिने पास होत होते, आणि आम्ही खुशीत!

तुमच्या पाचव्याकडे २०२०-१२ ची स्कीमा गेली तर हेच होऊ शकतं. काही लायब्ररी अनोळखी आवृत्ती पाहून थांबतात तरी. काही आपल्या मनानं दुसरीच धरून चालतात.

ड्राफ्ट-०७ मध्ये एक खोड आहे. ‘डॉलर-रेफ’च्या (दुसरीकडे लिहिलेला नियम इथे आणणाऱ्या शब्दाच्या) शेजारी लिहिलेलं सगळं दुर्लक्षिलं जातं, किमान-कमाल मर्यादासुद्धा. तो रेफ आणि मर्यादा दोन्ही ‘ऑल-ऑफ’मध्ये (‘हे सगळे नियम लावा’ सांगणाऱ्या यादीत) गुंडाळा. आणि सकाळ-संध्याकाळचं दूध क्रमानं यादीत ठेवू नका, नावाचे दोन रकाने करा. यादीतल्या जागेनुसार नियम लावायची पद्धत २०२०-१२ मध्ये बदलली आहे, उद्या तिकडे जाताना तेवढं तरी वाचेल.

मात्र प्रत्येक संघाला मूळ मानकावर स्वतःचे रकाने चढवायचे असतील आणि तरी ‘फॅट’चं ‘फट’ झालेलं पकडायचं असेल, तर माझं उत्तर उलटं. अनोळखी रकाने अडवणाऱ्या ‘अ‍ॅडिशनल-प्रॉपर्टीज’ला फक्त आपल्याच घरातले रकाने दिसतात, ‘ऑल-ऑफ’नं जोडलेले ती परके म्हणून हाकलते. त्यावरचा ‘अनइव्हॅल्युएटेड-प्रॉपर्टीज’ (जोडलेले रकानेही ओळखून उरलेले अडवणारा शब्द) हा इलाज २०१९-०९ या आवृत्तीपासून आहे. तेवढ्यासाठी मी २०२०-१२ घेईन आणि पाचव्याला लायब्ररी बदलायला लावीन.

काहीही ठरलं तरी पाचही जणांना मुद्दाम चुकवलेल्या नोंदी पाठवा : फॅट १५०, लिटरच्या जागी अक्षरी ‘बारा’, कारण न देता नाकारलेलं दूध. ज्याच्याकडे त्या पास होतील, त्याला त्याच दिवशी फोन लावा.