ही 'कमिटमेंट' म्हणजे वचनबद्धता नव्हे

प्रश्न असा आहे: अमेरिकी पोलीस प्रशिक्षणावरच्या एका मजकुरात 'इमर्जन्सी मेंटल हेल्थ कमिटमेंट'चं मराठी 'आपत्कालीन मानसिक आरोग्य वचनबद्धता' असं केलं आहे. ते चालेल का?

अजिबात चालणार नाही, अर्थ पार उलटा होतो. वचनबद्धता माणूस आपणहून पत्करतो, आणि इथे तर मानसिक आजार असल्याचं दिसणाऱ्या माणसाला त्याच्या संमतीवाचून रुग्णालयात नेतात. 'कमिट' ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्यात सोपवणे, हवाली करणे हाही अर्थ आहे. कैद्याला तुरुंगात धाडण्यासाठीही इंग्रजीत हाच शब्द आहे.

मी 'तातडीने, सक्तीने रुग्णालयात दाखल करणे' असं लिहीन. लांब आहे, पण कोणालाही कळेल. 'सक्तीची भरती' नको. पोलिसांच्या मजकुरात 'भरती' म्हटलं की नोकरभरतीच डोळ्यांपुढे येते. आणि 'रुग्णालयात' हा शब्द गाळू नका, कारण ठाण्यात 'दाखल' होतो तो गुन्हा.

फ्लोरिडाच्या कायद्याबद्दल लिहिताना मात्र आणखी जपायला हवं. १९७१ साली संमत झालेल्या तिथल्या 'बेकर ॲक्ट' या मानसिक आरोग्यविषयक कायद्यामध्ये पोलीस अधिकारी ज्याची सुरुवात करू शकतो ती सक्तीची तपासणी, तीही ७२ तासांपर्यंतची. पुढे सक्तीने ठेवून उपचार करायचे तर न्यायालयाचा आदेश लागतो. त्यामुळे तिथे 'तातडीची सक्तीची तपासणी' हेच नेमकं. पोलिसाने निदान करायचं नसतं, हे प्रशिक्षणार्थीला त्या शब्दातूनच कळतं.

दुसरा खटकणारा शब्द 'ताब्यात घेणे'. तो आपण संशयितासाठी वापरतो. 'एकाला ताब्यात घेतलं' एवढं वायरलेसवर ऐकलं की पुढच्याच्या मनात आरोपी उभा राहतो, आणि गाडीतून उतरणाऱ्या घाबरलेल्या माणसाशी तो तसाच वागण्याची भीती असते. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० मध्ये अशा व्यक्तीला 'संरक्षणाखाली' घेण्याची भाषा आहे. तिला शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यायचं. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. 'एका व्यक्तीला संरक्षणाखाली घेऊन रुग्णालयात आणतोय' हे वाक्य वायरलेसवर बोलायला काही अवघड नाही. प्रशिक्षणात ते मोठ्याने म्हणवून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि 'वेडसर इसम' हा शब्दप्रयोग पंचनाम्यातूनही जायला हवा. 'मानसिक आजार असल्याचे दिसणारी व्यक्ती' असं लिहा. 'दिसणारी' महत्त्वाचं, कारण खात्री डॉक्टर करतील.