वाचक विचारतात : पुराच्या बोटीत जनरेटर ठेवला तर चालेल का?

प्रश्न : काका, आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठावर. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितल्यावर आमच्या मंडळानं वर्गणी काढून फायबरची बोट घेतली, मागं पेट्रोलचं आऊटबोर्ड इंजिन आहे. रात्री माणसं काढायला उजेड पायजे म्हणून बोटीतच छोटा पेट्रोल जनरेटर ठेवून दोन हॅलोजन लावायचा विचार चाललाय, पावसात भिजू नये म्हणून वरनं ताडपत्री टाकणार. काय काळजी घ्यायची?

उत्तर : जनरेटर बोटीत घेऊ नका. काळजी घेतली की चालेल असलं हे काम नाही, आणि ताडपत्री टाकणार हे वाचून तर मला जास्तच भीती वाटली. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला रंग नाही की वास नाही, आपल्याला धुराचा जो वास येतो तो त्यातल्या दुसऱ्या गोष्टींचा, त्यामुळं वास येत नाही म्हणजे गॅस नाही असं धरून चालायचंच नाही. हा गॅस रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे माणूस श्वास घेतोय पण अंगाला ऑक्सिजन पोचतच नाही. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, हातपाय गळतात. आता तुम्हीच विचार करा, पुरातनं काढलेलं माणूस दोन दिवस उपाशी, भिजलेलं, घाबरलेलं असतंय, त्याला मळमळलं तर हे जनरेटरमुळं होतंय असं कुणाच्या डोक्यात येणार? म्हातारी ताडपत्रीखाली आडवी झाली की आपण म्हणणार डोळा लागला बिचारीचा, पडू दे. तसं कुणाचंही वाटलं तर आधी इंजिन बंद, माणसाला मोकळ्या हवेत घ्यायचं, लगेच दवाखाना, आणि डॉक्टरला हा माणूस धुरात होता हे न विसरता सांगायचं.

जनरेटर नसला तरी बोटीच्या स्वतःच्या इंजिनचा धूर असतोच. बोट हळू चालली असेल किंवा उभी असेल आणि वारं मागनं असेल तर तो सरळ आत येतो. त्यामुळं वर आडोसा केलाच तर फक्त मागनं उघडा ठेवू नका, पुढनं पण हवा खेळली पायजे, आणि लहान पोरांना इंजिनपासून लांब, पुढच्या बाजूला बसवा.

उजेडाचं म्हणाल तर १२ व्होल्टची ४० अँपिअर-अवरची बॅटरी आणि २० वॅटचे दोन एलईडी फ्लड लाइट घ्या. दोन्ही मिळून साडेतीन अँपिअरच्या आत ओढतात, निम्मी बॅटरी वापरली तरी सहा तास जातील. बॅटरी पट्ट्यानं बांधा, टर्मिनलवर झाकण आणि प्लस वायरला फ्यूज. जनरेटर गावात उंचावर, कोरड्या जागी, उघड्यावर लावा, माणसं झोपतात त्या खिडक्यांपासून निदान २० फूट लांब, आणि तिथं बॅटऱ्या चार्ज करा. पेट्रोल टाकी पण बोटीत बसून भरायची नाही, खाली जमिनीवर उतरवून भरायची, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती उडून जात नाही, बोटीच्या तळात साचून राहते, मग एक ठिणगी पुरते.

आणि जे तुम्ही विचारलं नाही ते सांगतो, इंजिनचा पाण्यातला पंखा. पाण्यातनं माणूस वर ओढताना इंजिन न्यूट्रलला टाकून भागत नाही, पूर्ण बंद करायचं. घाईत कुणाचा धक्का लिव्हरला लागला की संपलं. किल स्विचची, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद पाडणारी, लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला कायम अडकवलेली पायजे. पुराच्या पाण्याखाली उसाचा पाला, कुंपणाची तार, कुणाची साडी काय पण पंख्यात गुंततं, ते काढायला हात घालायच्या आधी इंजिन बंद, दोरीची क्लिप काढून खिशात आणि स्पार्क प्लगची टोपी पण काढून ठेवायची.

प्रश्न : माझं उद्यमनगरात इंजिन रिपेअरिंगचं काम आहे. मेव्हण्याची मालवणात डिझेल इंजिनची बोट आहे, ती बघायला बोलावलंय. इथल्या इंजिनपेक्षा वेगळं काय सांभाळू?

उत्तर : भावा, इंजिन तुला माहीत आहे, जागा माहीत नाही. दुकानात चार बाजूनी फिरता येतं, बोटीत तू वाकून अर्धा आत आणि वरनं बोट हलती. म्हणून शाफ्ट आणि बेल्टवर गार्ड नसेल तर आधी तो बसव, मगच इंजिन चालू कर, सैल शर्ट, गळ्यात टॉवेल अजिबात नको. नोझलच्या पाइपात डिझेल कुठं गळतंय ते हाताचं बोट फिरवून बघायची आपल्यातल्या लई जणांना सवय आहे, ती सोड, पुठ्ठा धरून बघ. तिथलं प्रेशर २०० बारच्या घरात किंवा वर असतं, बारीक फवारा कातडीतनं आत जातो, वरनं सुई टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडायला लागतं, तसं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला सर्जन गाठायचा. बॅटरीची मायनस वायर आधी काढायची, लावताना शेवटी. माझ्या हातात अंगठी होती, प्लसचा नट आवळताना अंगठी आणि पान्हा दोन्ही बॉडीला टेकलं, एका क्षणात अंगठी लाल झाली, बोटावर गोल डाग अजून आहे. अंगठी, कडं घरी ठेवून जा.

प्रश्न : आमचं आऊटबोर्ड वर्षभर शेडमध्ये पडून असतं. पावसाळ्याआधी तिथंच चालू करून बघितलं तर चालतंय का?

उत्तर : शेडमध्ये नको, दार उघडं ठेवून पण नको, बाहेर अंगणात आणा. कोरडं पण चालवू नका, पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर थोड्याच वेळात जळतो, पंखा काढून ठेवा, मोठ्या पिंपात पाणी भरून इंजिनचा खालचा भाग त्यात बुडवा आणि मग स्टार्ट करा. मागच्या वर्षीचं पेट्रोल काढून टाका, टाकीचा पाइप वाकवून बघा, चिरा दिसल्या तर नवीन घ्या. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागल्यावर पळापळ करण्यापेक्षा हे सगळं मे महिन्यातच उरकून घ्या.