गोठ्यातले प्रश्न : लस टोचली आणि गाठी आल्या

प्रश्न : आमच्याकडे दोन जर्सी गाई, एक खिलार बैल आणि अडीच महिन्यांची कालवड आहे. गेल्या साली लम्पीची लस टोचल्यावर आठव्या दिवशी एका गाईच्या अंगावर गाठी उठल्या. 'लसीनंच रोग आणला, वर दूधही आटतं' म्हणून सासरे यंदा टोचू देत नाहीत. आता शेजारच्या गावात लम्पी आलाय. काय करू?
— एक वाचक, मंगळवेढा तालुका

उत्तर : ताई, मामंजींना आठवा दिवस बरोबर आठवतोय, म्हणजे त्यांचं गोठ्यात लक्ष आहे. पण तो आठवा दिवसच लसीच्या बाजूनं साक्ष देतो. लस टोचल्यावर अंगात पुरती ताकद यायला तीन आठवडे लागतात. उलट लम्पीचा विषाणू शिरल्यापासून गाठी दिसायला चार-पाच दिवसांपासून चार आठवडेही जातात. तुमच्या गाईला तो टोचण्याआधीच, नाहीतर ताकद यायच्या आत लागलेला असणार. शिवाय २०२२ पासून आपल्याकडे मोहिमेत बहुतेक ठिकाणी टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, म्हणून ती गाईला चालते. तिच्यात लम्पीचा विषाणूच नाही, मग लम्पी येईल कुठून?

दूध दोन-चार दिवस थोडं कमी होतं, हे खरं. मानेवर टोचल्या जागी सुपारीएवढी सूज येते, अंग कोमट लागतं. लम्पीत मात्र ताप, पायांवर आणि गळ्याखालच्या पोळीला सूज, आणि दूध कित्येक आठवडे गेलेलं.

आता माझी चूक सांगतो. नोकरीत असताना एका वस्तीवर दुपारी दीडला पोचलो. ऊन असं, की गाडीच्या टाकीला हात लावता येईना. थर्मास उघडला तर बर्फाचं नुसतं पाणी. 'डॉक्टर, एवढ्या लांब आलाय, टोचून टाका,' वस्तीवरचे म्हणाले, आणि मी टोचलं. पुढं त्या दावणीत तीन जनावरांना गाठी आल्या. लोकांनी लसीला नावं ठेवली. ती मला ठेवायला हवी होती. ही लस २ ते ८ अंशांतच टिकते आणि सलाइनमध्ये कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. तेव्हा टोचायला येतील त्यांना सकाळी सातलाच बोलवा, आधी थर्मासमधला बर्फ बघा आणि दर जनावराला नवी सुई मागा. ओशाळू नका.

दोन्ही गाई आणि बैल निरोगी असतील तर लगेच टोचून घ्या. ताप असलेल्या जनावराला टोचू नका. कालवडीला चार महिने पुरे झाल्यावर टोचायचं. तोवर तिला आईचं दूध पोटभर पिऊ द्या. पुढचे तीन आठवडे बाजारातून नवं जनावर आणू नका. २०२२ च्या कार्तिकीला पंढरपूरचा जनावरांचा बाजार याच रोगापायी भरला नव्हता, हे मामंजींना आठवत असेल. गोमाश्या, डास आणि गोचीड हा रोग पसरवतात, म्हणून शेण-मूत साचू देऊ नका. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा. गोचीड शेपटीखाली आणि कानात बोट घालून बघा, वरवर हात फिरवून सापडत नाहीत.

एखाद्या जनावराला गाठ दिसलीच तर ते वेगळं बांधा आणि १९६२ वर फोन करा. लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून प्यायला हरकत नाही.

कालवडीची जन्मतारीख लिहून ठेवली नसेल तर मामंजींना विचारा. त्यांना ती तिथीसकट आठवत असणार.