चार वर्षांचे कुरण आणि जमिनीचा बेवड

प्रश्न : इंग्लंडमधील काही शेतकरी फेरपालटात तीन-चार वर्षे धान्य न घेता अनेक वनस्पतींचे मिश्र कुरण राखतात आणि त्याला ‘हर्बल ले’ म्हणतात, असे वाचनात आले. जमीन पड टाकण्यापेक्षा यात वेगळे काय आहे? नुसती लसूणघास घेतल्यास तोच लाभ मिळणार नाही काय?
– एक वाचक, माण तालुका, जि. सातारा

उत्तर : पड जमिनीत जे उगवेल ते उगवते. ‘ले’मध्ये मात्र बी निवडून पेरलेले असते, त्यावर गुरे-मेंढ्या चारल्या जातात आणि ठरलेल्या मुदतीनंतर ते मोडून पुन्हा गहू किंवा बार्ली घेतली जाते. आपल्याकडे ज्याला बेवड म्हणतात, म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण, तो येथे मुद्दाम घडवलेला असतो. लाल व पांढरे क्लोव्हर, म्हणजे आपल्या बरसीमचे भाऊबंद, हवेतील नत्र मुळांवरील गाठींत बांधतात; कॉक्सफूट व रायग्रास या गवतांची तंतुमुळे वरच्या थरातील माती रवाळ करतात; आणि चिकोरीचे (कॉफीत मिसळतात तीच) सोटमूळ नांगराच्या तळाशी दाबून घट्ट झालेल्या थरात शिरते.

एकट्या लसूणघासाचे मूळ खोल जाते आणि नत्रही मिळते, पण गवताच्या दाट जाळ्याचे काम तिच्याकडून होत नाही. शिवाय कोवळ्या लसूणघासात जनावरे मोकळी सोडल्यास पोटफुगीचा धोका असतो. मिश्रणातील सेनफॉइन या द्विदल चारा वनस्पतीत टॅनिन (तुरट द्रव्य) असल्यामुळे ते खाऊन पोट फुगत नाही.

ही पद्धत जुनी आहे. स्कॉटलंडच्या सीमेवरील क्लिफ्टन पार्क येथे रॉबर्ट एलियट यांनी विकतच्या खतांऐवजी अशा कुरणांच्या मुळांवर भरवसा ठेवला आणि १८९८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. हे गृहस्थ त्यापूर्वी म्हैसूर संस्थानात कॉफीचे मळेवाले होते. पुढे इंग्लंडमधील वोबर्नच्या हलक्या जमिनीत १९३८ पासून तीन वर्षे कुरण व दोन वर्षे पिके अशी फेरपालट तपासली गेली. त्यातून दिसले ते असे, की सेंद्रिय कर्ब वाढतो, पण फार सावकाश, कारण नांगरट झाली की साठलेल्यातला काही भाग विघटित होऊन हवेत जातो. त्यामुळे एका फेरीत कर्बाची मोठी वाढ होईल ही अपेक्षा ठेवू नये. रवाळपणा, गांडुळे व पाणी मुरणे यांत मात्र फरक लवकर जाणवतो. कुरण मोडल्यावर नत्रही झपाट्याने मोकळे होते, आणि ते उचलणारे पीक वेळेवर उभे नसेल तर पावसाच्या पाण्याबरोबर निचरून जाते.

थंड प्रदेशातील ही बियाणी माणमध्ये आणण्यात अर्थ नाही. हलक्या कोरडवाहू रानात मारवेल गवत आणि स्टायलो (द्विदल चारा) यांची जोड लावून हेच तत्त्व आजमावता येईल. माझी खरी काळजी वेगळी आहे. आपण चारा कापून गोठ्यात नेतो आणि त्याबरोबर पालाशही (पोटॅश) शेताबाहेर जाते. शेण त्याच रानात परतले नाही, तर कुरणाखालची जमीन उलट उपाशी राहते. आपल्या भागात शेतात मेंढ्या बसवण्याची रीत आहेच. तीही येथे उपयोगी पडेल. तेव्हा आधी शेणखताची परतफेड कशी होणार हे ठरवावे आणि मगच, तेही लहानशा तुकड्यात, बी पेरावे.