आकडा आधी तू सांग

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजीनं, दुसऱ्यांदा चिडून. तुझ्या वर्कशॉपकडून गाड्यांचे पार्ट घेणाऱ्या मोठ्या पार्टीनं शेड्यूल, म्हणजे महिन्याची ऑर्डर, निम्म्यावर आणलं हे तू लिहिलंस, इलेक्ट्रिक गाड्यांच्या पार्टमध्ये शिरावं का ते विचारलंस, लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चिकाटीचा दाखला दिलास, आईच्या दागिन्यांवर कर्ज काढायचा विचारही कळवलास. चार पानांत एकच गोष्ट नाही. आज बँकेत किती आहेत आणि ते कोणत्या तारखेपर्यंत पुरतील? म्हणजे तुला ते ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून लिहवत नाही. दोन्हीवर औषध एकच. आकडा काढ, आणि दुसऱ्या कुणाला कळायच्या आत तू स्वतः सांग. बँकेला, माल देणाऱ्याला, कामगारांना, आणि त्या सगळ्यांच्या आधी बाबांना.

धीर सोडू नकोस वगैरे मी लिहिणार नाही. तू धीर सोडणाऱ्यातला नाहीस. तुझी अडचण उलटी आहे, तू शेवटच्या दिवसापर्यंत हसत चहा पाजशील.

आधी तक्ता. तेरा आठवड्यांचा. एक्सेल हवंच असं नाही, फुलस्केप आडवा धरलास तरी पुरे. तेरा रकाने, प्रत्येकाच्या डोक्यावर शनिवारची तारीख. पहिल्या ओळीत आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक, बँकेनं ठरवलेल्या उधारीच्या लिमिटमधून अजून उचलता येणारी रक्कम धरून. त्याखाली येणं, पार्टीवार. इथेच बहुतेकजण घसरतात, कारण ते बिलावरची मुदत धरतात. बिलावर 45 दिवस छापलेत म्हणून पैसे 45 दिवसांनी येत नाहीत. त्या पार्टीची मागची सहा पेमेंटं काढ, बिलाच्या तारखेपासून खात्यात जमा होईपर्यंत किती दिवस गेले ते मोज, सरासरी घे. 68 आली तर 68 धर. रिजेक्शनच्या डेबिट नोटा, म्हणजे नाकारलेल्या मालापोटी पार्टी कापते ते पैसे, येण्यातूनच वजा कर, त्या नंतर आठवतात.

मग देणं, तारखेनं. 7 ला पगार आणि टीडीएस, 15 ला पीएफ-ईएसआय, 20 ला जीएसटी. शिवाय मशीनचा हप्ता, वीजबिल, शेडचं भाडं, बार (पोलादाच्या सळ्या), हीट ट्रीटमेंट, कटिंग टूलचे इन्सर्ट. जीएसटी विशेष सांभाळ. पार्टीनं एक पैसा दिला नसला तरी बिल फाडलंस की कर तुझ्या डोक्यावर बसतो, आणि उशीर झाला तर वर्षाला 18 टक्के दरानं व्याज. म्हणजे उधारीवर माल देणारा सरकारला आधी स्वतःच्या खिशातून देतो. धंदा वाढल्यावर पैशाची ओढ जास्त का लागते, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. पगाराचा, कराचा, हप्त्याचा फेरा त्यात तीनदा येतो, त्यामुळे काही सुटत नाही. त्यापुढचं लिहिणं म्हणजे पंचांग बघणं. खालची शिल्लक ज्या आठवड्यात उणे होते त्या रकान्याला लाल वेटोळं घाल. दर शनिवारी अंदाजाशेजारी प्रत्यक्ष आकडा लिही, गेलेला रकाना खोड, शेवटी एक नवा जोड. एखाद्या पार्टीचा अंदाज लागोपाठ तीन आठवडे चुकला तर तिचे दिवस बदल, तिच्यावरचा विश्वास नव्हे, दिवस. वेटोळं सातव्या आठवड्यावर असेल तर तुझ्या हातात सहा आठवडे आहेत. बँकेशी बोलायला तेवढे पुरतात. सहा दिवस उरल्यावर गेलास तर समोरच्याला इच्छा असून काही करता येत नाही.

आता लिमिट. तुझं सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट, म्हणजे माल आणि येणं तारण धरून बँक देते ती उधारी, 60 लाखांचं आहे असं समजू. तेवढं उचलता येतं असं तुला वाटत असेल तर गणित पाहा. स्टॉक 30 लाख, त्यातून माल देणाऱ्यांचं देणं 14 लाख वजा, उरले 16. बँकेचं मार्जिन, म्हणजे तू स्वतः घालायचा वाटा, 25 टक्के, म्हणून 12. येणं 50 लाख, पण त्यातलं 12 लाख 90 दिवसांपेक्षा जुनं, ते धरत नाहीत. उरलेल्या 38 चे 75 टक्के म्हणजे साडेअठ्ठावीस. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खरोखर उचलता येणारी रक्कम, झाली साडेचाळीस लाख. तू 52 उचललेत तर साडेअकरा लाखांनी तू बाहेर आहेस. पार्टी पैसे थकवते तेव्हा दुहेरी मार बसतो तो असा. पैसे येत नाहीत, आणि तेच येणं जुनं झालं म्हणून लिमिटही आकसतं.

चांगल्या घरची माणसं पहिलं खोटं लिहितात ती जागा हीच. शेडच्या मागे गंजत पडलेले जुने पार्ट स्टॉक स्टेटमेंटमध्ये चालू माल म्हणून चढवायचे, 110 दिवसांचं बिल 80 दिवसांचं दाखवायचं. एका महिन्यापुरतं. मग पुढच्या महिन्यात ते झाकायला आणखी थोडं. सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी 7 जानेवारी 2009 ला जे कबुलीपत्र लिहिलं, त्यानुसार हिशेबात दाखवलेली पण प्रत्यक्षात नसलेली रोकड आणि बँक शिल्लक 5,040 कोटींची होती. वाघावर स्वार झाल्यासारखं होतं, उतरायचं कसं ते कळत नव्हतं, असं त्यांनीच त्यात लिहिलं होतं. तो फरक एका रात्रीत तयार झालेला नव्हता. तुझे साडेअकरा लाख आज सांगता येतात. खोट्या स्टेटमेंटवर उभे केलेले साडेअकरा लाख सांगता येत नाहीत, कारण तेव्हा तू अडचणीतला ग्राहक राहत नाहीस, फसवणूक करणारा ठरतोस. बँकेत त्या दोघांच्या फायली वेगळ्या टेबलांवर जातात.

तारखा पाठ कर. थकबाकी 30 दिवसांपर्यंत असेल तर खातं एसएमए-0, म्हणजे बँकेच्या धोक्याच्या यादीची पहिली पायरी, 31 ते 60 ला एसएमए-1, 61 ते 90 ला एसएमए-2, त्यापुढे एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. सीसी खात्यात लिमिटच्या किंवा ड्रॉइंग पॉवरच्या वर सलग किती दिवस आहेस ते मोजतात. एनपीए व्हायच्या आधी लघुउद्योगाला मार्ग काढून द्यायची चौकट केंद्रानं 2015 मध्ये आणली, रिझर्व्ह बँकेनं 2016 मध्ये बँकांना कळवली. उद्योजक स्वतः अर्ज करून बँकेच्या त्यासाठीच्या समितीपुढे जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचं म्हटलं, पण त्याच निकालात हेही म्हटलं की उद्योजकानं कागदपत्रांसह वेळेत पुढे यायला हवं. म्हणजे मी हट्टानं सांगतो तेच. आकडा आधी तू सांग.

बँकेत जाताना तीन कागद ने : तेरा आठवड्यांचा तक्ता, 90 दिवसांवरच्या येण्याची पार्टीवार यादी, आणि एका पानावर तुझी मागणी. मागणी नेमकी हवी. ‘काहीतरी करा साहेब’ ही मागणी नव्हे. ‘मशीनच्या कर्जाचे सहा हप्ते फक्त व्याजावर ठेवा, वरचे साडेअकरा लाख 12 महिन्यांच्या हप्त्यांत वळवा’ ही मागणी. नाही म्हणाले तरी त्यांच्या फायलीत तुझी तारीख लागते.

तू म्हणशील, सांगितलं की पत जाते. हे मी पुष्कळ शहाण्यांकडून ऐकलंय, आणि या एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. मला हेकट म्हणतात, म्हणोत. बार देणाऱ्या व्यापाऱ्याला तुझी अवस्था कळत नाही असं वाटतं का? दोन टनांची ऑर्डर अर्ध्या टनावर आली हे त्याच्याच वहीत आहे. तू उरलेला माल कुठून उचलतोस ते त्याला तिथला हमाल सांगतो. त्याला फक्त एवढंच ठाऊक नसतं की हे सगळं तुला ठाऊक आहे की नाही. ते कळलं की तो बसून बोलतो. बोलणं साधं असतं : जुनं हप्त्यानं, नवं रोखीनं. जुने सहा लाख दर पंधरवड्याला 40,000 नं, म्हणजे पंधरा हप्ते, आणि यापुढचा प्रत्येक बार पैसे देऊन. कागदावर लिहून दे. पुढच्या तारखेचे चेक मात्र वाटत सुटू नकोस. परतलेल्या चेकची नोटीस हातात पडल्यापासून पैसे द्यायला 15 दिवस मिळतात, नंतर तो फौजदारी खटला होतो. हप्ता 40,000 चा झेपत नसेल तर 25,000 सांग, पण सांगितलेला चुकवू नकोस.

आईच्या दागिन्यांबद्दल. 1924 मध्ये जमशेदपूरच्या कारखान्यात पगाराला पैसे नव्हते, तेव्हा दोराबजी टाटांनी स्वतःची सगळी मालमत्ता आणि पत्नीचे दागिने, त्यांत तो जुबिली हिराही, इंपीरियल बँकेकडे ठेवून एक कोटी उभे केले. ही गोष्ट सगळे सांगतात आणि गहिवरतात. पण भोक कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं : परदेशी स्वस्त पोलाद. त्यासाठी संरक्षक जकातीचा प्रश्न सरकारपुढे उघड मांडलेला होता आणि तो कायदाही त्याच वर्षी झाला. तुला तुझं भोक ठाऊक आहे का? लाल वेटोळं नसताना सोनं गहाण टाकणं म्हणजे पाझरत्या टाकीत टँकर ओतणं. तक्ता झाल्यावर, आणि आईला तो तक्ता दाखवल्यावर, या विषयावर पुन्हा बोलू. त्याआधी नाही.

कामगारांना खोटं आश्वासन देऊ नकोस. टोयोटाच्या किइचिरो टोयोडांनी कामगारांना कपात होणार नाही असा शब्द दिला होता. 1950 मध्ये कपात करावीच लागली, संप चिघळला, आणि जूनमध्ये त्यांनी स्वतः पद सोडलं. त्याच महिन्याच्या अखेरीस कोरियात युद्ध सुरू झालं आणि पाठोपाठ ट्रकच्या ऑर्डरी आल्या. दैव कधी वळेल ते सांगता येत नाही, म्हणून तर शब्द जपून द्यायचा. ‘या महिन्याचा पगार 7 ला, ओव्हरटाइम बंद, पुढच्या महिन्याचं 25 तारखेला सांगतो,’ एवढंच सांग आणि 25 ला खरोखर सांग. पगारातून कापलेला त्यांचा पीएफ मात्र कितीही ओढाताण असली तरी वापरायचा नाही. तो पैसा तुझा नाही. कायदाही त्याला विश्वासघातच म्हणतो.

मोठ्या पार्टीकडे रडत जाऊ नकोस, कागद घेऊन जा. लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेल्या उद्यम नोंदणीचा क्रमांक प्रत्येक बिलावर छाप. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस आणि नसेल तर 15, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजावटीला मिळत नाही. 2023-24 पासून असं आहे. मार्च जवळ आला की त्यांच्या अकाउंट्सला तुझी आठवण येते ती यामुळे. थकलेल्या पैशांबद्दल सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते, पण चालू पार्टीवर तक्रार करून पुढच्या सोमवारी तिचंच शेड्यूल मागायचं, हे जमवणारा माणूस विरळा. त्यापेक्षा विचार, ‘बार तुम्ही द्याल का? मी फक्त मजुरीचं बिल लावतो.’ उलाढाल कमी दिसेल, अहंकाराला लागेल, पण मालात अडकणारा पैसा सुटेल. बँकेला हेही आधी सांग, कारण स्टॉक आणि येणं घटल्यावर ड्रॉइंग पॉवर घटणार.

राहिलं इलेक्ट्रिक गाड्यांचं. नवं काम शोधायच्या आधी जुन्या कामाचा तास मोज. 42 रुपयांचा पार्ट, माल 19, बाहेरची प्रोसेस 6, टूल 2, हातात 15. सायकल, म्हणजे एका नगाला मशीनवर लागणारा वेळ, 4 मिनिटांची, तासाला 15 नग, म्हणजे 225 रुपये. शेजारच्या मशीनवर 180 रुपयांचा दिमाखदार पार्ट, हातात 50, पण सायकल 20 मिनिटांची. तासाला तीन नग, 150 रुपये. तू दुसऱ्याचा फोटो माहितीपत्रकावर छापला आहेस. लेगोसारख्या कंपनीनंही 2004 च्या संकटानंतर नवं काही आणण्याआधी आपल्या विटांचे सुटे प्रकार जवळजवळ निम्म्यावर आणले. तुझ्याकडे 70 पार्ट नंबर आहेत. त्यातले किती तासाला 150 च्या खाली आहेत ते बघ. त्यांचा भाव वाढवून माग, नाही मिळाला तर सोड.

नव्या पार्टीचा सॅम्पल, तपासणी, मंजुरी, मग नियमित शेड्यूल, याला सहा महिने ते वर्ष सहज जातं, आणि पार्ट पकडायच्या फिक्स्चरचा आणि मोजायच्या गेजचा खर्च पहिल्या महिन्यात होतो. तुझं वेटोळं सातव्या आठवड्यावर आलं असं धर. जुळतंय का? किर्लोस्करांचा लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी दोन वर्षं तयार नव्हते, लोखंडानं जमीन नासेल या भीतीनं. खरं आहे. पण नांगराच्या आधीपासून ते कडबा कापायची यंत्रं बनवत होते, हा भाग दाखला देताना गळतो. तुझं कडब्याचं यंत्र म्हणजे तो 42 रुपयांचा पार्ट. आधी तो सांभाळ.

शनिवारी रात्री तक्ता भर, पेन्सिलीनं चालेल. रविवारी सकाळी बाबांपुढे ठेव आणि वेटोळं स्वतः दाखव, त्यांना शोधायला लावू नकोस. ते आधी ओरडतील, मग चष्मा मागतील. चष्मा लावल्यावर पहिल्या ओळीपासून वाचून दाखव. सोमवारी अकराच्या आत बँकेत जा, सोबत त्यांना ने. त्या खात्याला ते जामीन आहेत.

तुझा,
काका