नाण्यावरचे साल कसे वाचावे?

प्रश्न : माझ्याकडे इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात पाडलेले, रोमन सम्राट हेड्रियनचे मोठे काशाचे नाणे आहे. मागे इंग्रजी ‘एल’सारखी खूण आणि दोन ग्रीक अक्षरे दिसतात. यावरून साल कसे काढायचे? – एक वाचक, पुणे

उत्तर : ती खूण ‘वर्ष’ दर्शवते, तिला रोमन अंक समजून ५० मोजू नका. पुढची अक्षरे म्हणजे राज्यवर्षाचा आकडा. उदाहरणार्थ, इओटा (Ι) १०, ईटा (Η) ८, म्हणजे १८वे वर्ष.

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. इजिप्तचे नवे वर्ष २९ ऑगस्टला (इजिप्तच्या लीप वर्षानंतर ३० ऑगस्टला) सुरू होई. हेड्रियन ऑगस्ट ११७ मध्ये गादीवर आला, त्यामुळे त्याचे पहिले वर्ष काही दिवसांतच संपले आणि लगेच दुसरे लागले. म्हणून आकड्यात ११५ मिळवा : १८ अधिक ११५, म्हणजे ऑगस्ट १३३ ते ऑगस्ट १३४.

खूण आणि आकडा पुष्कळदा आकृतीच्या दोन्ही बाजूंना विभागलेले असतात. झिजलेला इओटा नजरेतून सुटला, तर १८चे ८ होतात. दिवा एका बाजूने, नाण्याच्या पातळीलगत धरा आणि नाणे सावकाश फिरवा. एकाच कोनातल्या वाचनावर विसंबू नका. कधी आकडा शब्दांतही लिहिलेला असतो, विशेषतः ९.

वजनही करा. या मोठ्या काशाच्या नाण्याचा, म्हणजे द्रख्म्याचा, व्यास साधारण ३३ ते ३५ मिमी, वजन २० ते २८ ग्रॅम.

लिंबू, चिंच, पितांबरी अजिबात लावू नका. हिरवा थर गेला की बारीक अक्षरेही जातात. फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसली तर तो क्लोराइडचा रोग आहे. नाणे लगेच वेगळे, कोरडे ठेवा.